विश्लेषण : सांगितले ‘दोन बोटं’, गेले वीतभर… सलूनच्या खुर्चीतला विश्वास नेमका कुठे तुटतो?

शिंप्याने ब्लाउज घट्ट शिवला तर शिवण उसवून सैल करता येतो. सुताराने फळी आखूड कापली तर दुसरी फळी आणता येते. केसांच्या बाबतीत यातले काहीच शक्य नसते. माणसाच्या डोक्यावरचे केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर, म्हणजे वर्षाला जेमतेम अर्धा फूट वाढतात. पंधरा मिनिटांत कापलेला एक फूट परत यायला दोन वर्षे लागतात. त्या दोन वर्षांत एखादे लग्न होते, नोकरीच्या मुलाखती होतात, ओळखपत्रावरचे फोटो काढले जातात आणि प्रत्येक फोटोत तो पंधरा मिनिटांचा निर्णय दिसत राहतो.

तरीही ‘कटिंग बिघडली’ ही तक्रार कुणी गांभीर्याने घेत नाही. ‘केसच आहेत, वाढतील की’ हे घराघरांत ठरलेले उत्तर असते. मात्र याच तक्रारीने देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत मजल मारली, दोन कोटी रुपयांच्या भरपाईचा आदेश निघाला आणि त्यावर बरेच विनोदही झाले. विनोदांच्या गर्दीत मूळ प्रश्न बाजूला पडला. एवढे काय घडते की माणूस नंतर वर्षानुवर्षे कुठल्याच कात्रीखाली निर्धास्तपणे मान देऊ शकत नाही?

दिल्लीत नेमके काय घडले होते?

१२ एप्रिल २०१८ रोजी दिल्लीतील एका पंचतारांकित हॉटेलच्या सलूनमध्ये एक महिला केस कापायला गेली. आठवडाभराने तिची मुलाखत होती. नेहमीची स्टायलिस्ट त्या दिवशी उपलब्ध नव्हती, म्हणून दुसरी देण्यात आली. तिच्या कामाबद्दल व्यवस्थापनाकडून खात्री मिळाल्यावर महिला तयार झाली. तिने दिलेली सूचना साधी होती. चेहऱ्याभोवती लांब फ्लिक्स ठेवायच्या आणि खालून सरळ चार इंच कापायचे. डोळ्यांवरचा चष्मा काढून ठेवण्यात आला आणि मान खाली घालायला सांगण्यात आली. त्यामुळे आरशात काय चालले आहे, हे तिला दिसत नव्हते. तासाभराने तिने मान वर केली, तेव्हा तक्रारीनुसार वरून चार इंच केस शिल्लक होते आणि ते खांद्याला जेमतेम टेकत होते.

‘खालून चार’ आणि ‘वरून चार’. आकडा तोच होता, पण मोजायला सुरुवात दुसऱ्या टोकाकडून झाली.

सलूनने पैसे घेतले नाहीत आणि नंतर मोफत उपचार देऊ केले. त्या उपचारांनी टाळूला त्रास झाला, अशी दुसरी तक्रार त्यातून उभी राहिली. या महिलेने केसांच्या उत्पादनांसाठी मॉडेलिंग केलेले होते, त्यामुळे नुकसान केवळ दिसण्याचे नसून कामाचेही आहे, असा दावा करण्यात आला. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने सप्टेंबर २०२१ मध्ये दोन कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम रद्द ठरवून प्रकरण पुन्हा आयोगाकडे पाठवले. सेवेत त्रुटी होती या निष्कर्षाला न्यायालयाने हात लावला नाही. आक्षेप रकमेवर होता. मागितली म्हणून भरपाई देता येत नाही, नुकसान पुराव्यानिशी दाखवावे लागते, असे न्यायालयाचे म्हणणे होते. एप्रिल २०२३ मध्ये आयोगाने पुन्हा दोन कोटींचाच आदेश दिला आणि मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यालाही स्थगिती दिली. तासाभराच्या कटिंगचा वाद पाच वर्षांनंतरही मिटला नव्हता. एवढ्या काळात केस सरासरीने अडीच फूट वाढतात.

दोन कोटी हा आकडा पटण्यासारखा नव्हता, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. एका कापणीची किंमत बहुतेकांच्या आयुष्यभराच्या कमाईइतकी ठरवली की लोक हसतात आणि पुढची खरी तक्रारही त्याच हशात वाहून जाते. मात्र रक्कम बाजूला ठेवून घटनाक्रम पाहिला, तर त्यात पंचतारांकित असे काहीच नाही. नेहमीचा कारागीर नाही, चष्मा काढलेला, मान खाली, सूचना अर्धवट पोहोचलेली आणि शेवटी ‘फ्री ट्रीटमेंट’. नाक्यावरच्या पार्लरपासून मॉलमधल्या सलूनपर्यंत रोज असेच घडत असते.

‘दोन बोटं’ म्हणजे नक्की किती?

मराठी घरांत केसांचे माप इंचात सांगितले जात नाही. ‘दोन बोटं काप’, ‘पेरभर कमी कर’, ‘टोकं तेवढी सारखी कर’, ‘खांद्याच्या थोडं खाली ठेव’ ही खरी भाषा आहे. ती गोड असली तरी मोजमाप म्हणून धोकादायक आहे. दोन बोटे आडवी धरली तर साडेतीन-चार सेंटिमीटर होतात, म्हणजे तीन-साडेतीन महिन्यांची वाढ. तीच बोटे उभी, एकाखाली एक मोजली तर जवळपास १५ सेंटिमीटर, म्हणजे वर्षभराची वाढ. सांगणारीच्या मनात आडवी बोटे असतात, हे शंभर टक्के खरे. पण ती कुणाची? शाळकरी मुलीची दोन बोटे आणि वीस वर्षे कात्री धरलेल्या कारागिराची दोन बोटे यांत सहज एका सेंटिमीटरचा फरक पडतो.

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात वर्कशॉपमध्ये एक गोष्ट बजावून शिकवली जाते. लोखंडाच्या तुकड्यावरून जास्त कापलेला धातू परत चिकटवता येत नाही, म्हणून आधी खूण करायची, मग खुणेच्या अलीकडे थोडे राखून कापायचे आणि शेवटी कानशीने मापात आणायचे. ड्रॉइंगवर प्रत्येक मापापुढे किती कमी-जास्त चालेल, हेही लिहिलेले असते. केस कापण्याच्या कामालाही हाच नियम लागू आहे. फरक इतकाच की इथे ड्रॉइंग तोंडी असते, खूण कुणी करत नाही आणि किती कमी-जास्त चालेल, हा प्रश्न विचारलाच जात नाही.

त्यात शब्दांचा घोळ वेगळाच. ‘लेयर्स’ म्हणजे ग्राहकाच्या डोक्यात चेहऱ्याभोवती हलक्या उतरत्या बटा असतात. कारागिराच्या डोक्यात ते एक तंत्र असते. केसांची बट डोक्यापासून काटकोनात वर उचलायची आणि सगळीकडे सारख्या लांबीवर कापायची. बट खाली सोडून सरळ कापली तर सगळे केस एका रेषेत राहतात. ती काटकोनात उचलून कापली तर वरचे केस बरेच आखूड होतात. उचलण्याचा कोन थोडा बदलला की वरच्या केसांची लांबी काही इंचांनी बदलते. ‘स्टेप कट’, ‘फेदर’, ‘यू’, ‘व्ही’ या नावांचेही तेच. भिंतीवरच्या पोस्टरमध्ये एक चित्र असते, मोबाइलमध्ये दुसरे आणि कारागीर ज्याच्याकडे शिकला त्याने दाखवलेले तिसरेच. पुरुषांच्या दुकानात शब्द कमी आहेत, पण गोंधळ कमी नाही. ‘मिडियम’ हा शब्द एका दुकानात कानावर केस ठेवतो, तर दुसऱ्यात तोच शब्द मशीन फिरवायला लावतो.

ओल्या केसांचा हिशेब वेगळा का?

बहुतेक सलूनमध्ये केस धुऊन किंवा फवाऱ्याने ओले करून कापतात. ओले केस बसून राहतात, रेषा सरळ येते. मात्र पाणी लागले की केसांच्या आतील प्रथिनांना धरून ठेवणारे हायड्रोजन बंध तात्पुरते सुटतात आणि केस अधिक ताणले जातात. ओला केस तुटण्याआधी मूळ लांबीच्या सुमारे तीस टक्क्यांपर्यंत ताणला जाऊ शकतो. त्यात कंगवा घालून बट दोन बोटांत घट्ट ओढून धरली की ती असते त्याहून लांब दिसते. वाळल्यावर ती परत वर जाते. सरळ केसांत हा फरक फार जाणवत नाही. कुरळ्या किंवा लहरी केसांत मात्र तो एवढा असतो की ओले असताना खांद्याखाली दिसणारी टोके वाळल्यावर हनुवटीशी येतात. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळी दमट हवेत केस फुगतात, ते आणखी वेगळे.

मान खाली घालण्याचेही असेच आहे. मान वाकवल्यावर पाठीवर केसांची टोके जिथे टेकतात आणि सरळ बसल्यावर जिथे टेकतात, त्या दोन जागा वेगळ्या असतात. ‘इथपर्यंत ठेवा’ म्हणून ग्राहकाने पाठीला हात लावून दाखवलेली जागा मान वाकली की सरकते. कारागिराला हे ठाऊक असते, निदान असायला हवे. ग्राहकाला ते ठाऊक असण्याचे कारण नाही. म्हणूनच ‘तुम्हीच तसे सांगितले होते’ हे सलूनचे नेहमीचे उत्तर लंगडे पडते. माप कोणत्या स्थितीत घ्यायचे हे ज्याला कळते, त्यानेच ते विचारून घ्यायचे असते.

आरसा मागे धरला की ‘छान’ का म्हटले जाते?

कापणी संपली की कारागीर एक छोटा आरसा डोक्यामागे धरतो. ‘बघा ताई, बरोबर आहे ना?’ समोरच्या आरशात मागचा भाग दिसतो. काहीतरी भयंकर झाले आहे, हे डोळ्यांना कळलेले असते. तरीही तोंडातून शब्द निघतो, ‘हो, छान.’ पैसे दिले जातात, वर टीपही दिली जाते. रिक्षात बसेपर्यंत ओढणी डोक्यावर आलेली असते आणि रडू घरच्या बाथरूमसाठी राखून ठेवलेले असते.

हा प्रकार बायकांपुरता नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी कल्ले असमान झालेला नवरदेवही ‘चालेल चालेल’ म्हणत खुर्चीतून उठतो. यामागे भित्रेपणापेक्षा परिस्थितीच जास्त असते. गळ्याभोवती कापड घट्ट बांधलेले, हात त्याखाली अडकलेले, मानेजवळ धारदार हत्यार धरलेला माणूस पाठीशी उभा आणि शेजारच्या खुर्च्यांवर ऐकणारे लोक. अशा स्थितीत ‘थांबा, हे मला नको आहे’ म्हणणे वाटते तितके सोपे नाही. शिवाय बोलून उपयोग काय, हाही विचार असतोच. कापलेले गेले ते गेले. आता नीट करायला सांगितले तर आणखी कापले जाणार. ‘जरा सारखे करतो’ या तीन शब्दांनी किती केस गेले असतील, याची गणती नाही.

शिवाय ही सवय लहानपणीच लागलेली असते. बहुतेकांची पहिली नकोशी कटिंग आईवडिलांच्या आदेशाने झालेली असते. दुकानात फळीवर बसवलेल्या पोराच्या डोक्यावरून वडील कारागिराला सांगतात, ‘बारीक करून टाका, दोन महिने बघायला नको.’ डोके पोराचे, सूचना वडिलांची. पोराला काय हवे, हे विचारले जात नाही. काही शाळांत तर केस वाढले म्हणून शिक्षकच कात्री चालवतात आणि त्याला शिस्त म्हटले जाते. डोक्यावरचे केस ही आपली गोष्ट आहे आणि त्यावर बोलायचा आपल्याला हक्क आहे, हे शिकण्याआधीच गप्प बसणे अंगवळणी पडते.

त्या ‘छान’चा परिणाम मात्र उलटा होतो. कारागिराला चूक कळतच नाही. त्याच्या लेखी ग्राहक खूश होऊन गेला. तो पुन्हा आला नाही तर दुसरीकडे राहायला गेला असेल, असे तो समजतो. इकडे ग्राहक प्रत्येक सलूनकडे संशयाने पाहू लागतो. दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून प्यावे, तसे पुढच्या वेळी ‘अर्धाच इंच, त्याच्यावर एक केसही नाही’ असे दहा वेळा बजावले जाते. त्याने कारागीरही बिचकतो आणि कटिंग पुन्हा मनासारखी होत नाही. काही जण सलून सोडून घरीच कात्री हातात घेतात. २०२० च्या टाळेबंदीत महाराष्ट्रातील सलून मार्चअखेरपासून बंद होती आणि २८ जूनपासून ती उघडायला परवानगी मिळाली. त्या तीन महिन्यांत घरोघरी झालेल्या प्रयोगांचे फोटो ज्यांच्याकडे आहेत, त्यांना कारागिराच्या हाताची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही. तरीही टाळेबंदी उठल्यावर काही जण परत गेलेच नाहीत. वेडेवाकडे झाले तरी आपल्या हाताने झाले, एवढे समाधान त्यांना पुरते.

कात्रीमागच्या माणसाची बाजू काय?

सगळा दोष कारागिराच्या माथी मारणे सोपे आहे, पण योग्य नाही. मोठ्या सलूनमध्ये पगाराला इन्सेंटिव्हची जोड असते आणि इन्सेंटिव्ह नुसत्या ट्रिमिंगवर मिळत नाही. ते केराटिन, स्पा, कलर आणि शाम्पूच्या बाटल्यांवर मिळते. म्हणून खुर्चीवर बसताक्षणी ‘मॅडम, केस फारच ड्राय झालेत, खालचे सगळे डॅमेज आहेत’ अशी सुरुवात होते. दुभंगलेली टोके कापण्यावाचून उपाय नसतो, हे खरे आहे. पण ती किती वरपर्यंत गेली आहेत, हे ग्राहकाला दाखवून ठरवायचे असते. ते न दाखवता ‘डॅमेज होते म्हणून काढले’ असे नंतर सांगणे म्हणजे ग्राहकाचा निर्णय परस्पर घेऊन टाकणे आहे.

छोट्या दुकानांत कारागीर अनेकदा टक्केवारीवर काम करतो. रविवारी सकाळी बाकावर सात माणसे थांबलेली असताना एका डोक्यावर पाच मिनिटे चर्चा करणे त्याला परवडत नाही. शिक्षणाचीही ठरलेली वाट नाही. कुणी वडिलांकडून शिकतो, कुणी खासगी अकादमीत काही महिन्यांचा कोर्स करतो, कुणी मदतनीस म्हणून केस झाडता झाडता कात्री हातात घेतो. अमेरिकेत या कामासाठी राज्याचा परवाना लागतो आणि त्यासाठी ठरावीक तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. आपल्याकडे दुकानाची नोंदणी असते, पण केस कापणाऱ्या माणसाला स्वतःचा असा परवाना लागत नाही. परवाना आला म्हणून कारागीर ऐकून घेऊ लागेल, असेही नाही. दिल्लीतील प्रकरणात कौशल्य शून्य होते, असे कुणी म्हणू शकणार नाही. कमी पडले ते ऐकणे.

आणखी एक जुना संदर्भ इथे आठवायला हवा. महाराष्ट्रात नकोशा कापणीचा सर्वांत क्रूर प्रकार म्हणजे विधवांचे केशवपन. पती गेलेल्या बाईला, कधी कधी कोवळ्या मुलीला, तिची इच्छा असो वा नसो, वस्तऱ्याखाली बसवले जाई. या प्रथेविरुद्ध सुधारकांनी लिहिले, भाषणे केली. पण १८९० मध्ये मुंबईत सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक एकत्र आले आणि विधवांच्या केसांना वस्तरा लावणार नाही, असा पवित्रा त्यांनी घेतला. पैसे देणारे घर, सांगणारे वडीलधारे आणि पाठीशी रूढी असतानाही जिच्या डोक्यावरचे केस तिला ते काढायचे नाहीत, हे ओळखून हात मागे घेणारे कारागीर याच व्यवसायात होऊन गेले. शंभरेक रुपयांच्या ट्रिमिंगची आणि केशवपनाची बरोबरी होऊ शकत नाही. मात्र ‘ग्राहकाला काही कळत नाही, आपणच ठरवायचे’ ही या व्यवसायाची परंपरा आहे, असे कुणी सांगत असेल तर तिची दुसरी बाजूही माहीत असलेली बरी.

कायदा कुठवर साथ देतो?

संमतीशिवाय कापलेले केस कायदा किती गंभीरपणे घेऊ शकतो, याचे एक उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. २००६ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने, एका पुरुषाने पूर्वीच्या मैत्रिणीची पोनीटेल कापल्याच्या प्रकरणात, केस कापणे हीदेखील शारीरिक इजा ठरू शकते, असा निर्णय दिला. सलूनमधली गोष्ट अर्थातच वेगळी आहे. तिथे माणूस स्वतःच्या पायांनी जातो आणि संमती देतो. प्रश्न असतो, ती संमती कितीपर्यंत होती? चार इंचांची संमती बारा इंचांना लागू होत नाही. पण सलूनमध्ये हा वाद फौजदारी गुन्ह्याचा नसून सेवेतील त्रुटीचा ठरतो.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ठरल्याप्रमाणे न दिलेली सेवा ही त्रुटी आहे. सलूनने पैसे घेतले नाहीत म्हणजे हक्क संपला, असे नाही, कारण मोबदला द्यायचे कबूल करून सेवा घेणाराही कायद्याच्या लेखी ग्राहकच असतो. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. आता ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगातही ती दाखल करता येते. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील बंधनकारक नाही आणि ‘ई-जागृती’ पोर्टलवरून ऑनलाइन तक्रारही करता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहता येतो. अनेकदा सलून तेवढ्यावरच बोलणी करायला तयार होते.

अडचण पुराव्याची आहे. केस कापण्याआधीचा फोटो, कारागिराला दाखवलेले चित्र, बुकिंगचा मेसेज, बिल आणि नंतर सलूनशी झालेले बोलणे, हे सगळे हाती असेल तरच तक्रार उभी राहते. दिल्लीच्या प्रकरणात व्हॉट्सअॅपवरील संवादाला महत्त्व आले होते. सलून सेवांवरील जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. त्यामुळे ‘बिल नको, कर वाचेल’ या सौद्यात ग्राहकाला आता आणखीच कमी मिळते. मात्र ज्या दुकानात बिलबुकच नाही, तिथे हा सगळा सल्ला कागदावरच राहतो, हेही तितकेच खरे. आणि कुठल्याही आयोगाने कितीही रक्कम दिली तरी त्याने महिन्याला सव्वा सेंटिमीटरचा वेग बदलत नाही.

मग खुर्चीत बसण्याआधी काय बदलता येईल?

यातल्या बहुतेक उपायांना पैसे लागत नाहीत. बोलणे गळ्याला कापड बांधण्याआधी आणि केस ओले करण्याआधी व्हायला हवे. ग्राहक उभा असताना त्याची नेहमीची उंची, नेहमीची मान दिसते. ‘किती कापायचे’ यापेक्षा ‘किती ठेवायचे’ हा प्रश्न जास्त उपयोगी आहे. गळ्याच्या हाडापर्यंत, काखेच्या रेषेपर्यंत, ब्लाउजच्या गळ्यापर्यंत अशा खुणा दोघांनाही एकाच जागी दिसतात. त्यात इंच किंवा बोटे येत नाहीत. कारागिराने तिथे चिमटीत बट धरून ‘इथे कात्री लावू?’ असे विचारावे आणि हो म्हटल्यावरच लावावी. कुरळ्या केसांची लांबी कोरडे असतानाच ठरवावी. नेहमीचा कारागीर नसेल तर पहिल्या भेटीत फक्त टोके सारखी करून घ्यावीत. त्याचा हात कळेपर्यंत चेहऱ्याभोवती लेयर्स सांगू नयेत. नवा कट करायचाच असेल तर मुलाखत किंवा लग्न दोन-तीन महिन्यांवर असताना करावा, आठवड्यावर असताना नाही.

सलूनसाठी एक सूचना तर अगदीच सोपी आहे. मागचा आरसा शेवटी दाखवतात, तो मध्येही एकदा दाखवावा. अर्धे काम झाले असताना ‘अजून वर घेऊ का एवढेच ठेवू?’ असे विचारले तर ग्राहकाला नाही म्हणायला जागा मिळते. शेवटी विचारलेल्या प्रश्नाला ‘छान’ हे एकच उत्तर उरते. चूक झालीच तर मोफत स्पाचे कूपन हातात ठेवण्याआधी ‘आमचे चुकले’ असे म्हणावे. पुन्हा कात्री लावण्याची घाई करू नये. केस वाळू द्यावेत, ग्राहकाला दोन दिवस घरी जाऊ द्यावे, मग बोलवावे.

आणि चष्मा. ज्यांना चष्म्याशिवाय समोरचा आरसा धुरकट दिसतो, त्यांचे केस त्यांना न दिसता कापले जातात, ही गोष्ट क्वचितच कुणाच्या लक्षात येते. काड्या कानामागे आड येतात, म्हणून तो काढावा लागतो, हे ठीक आहे. पण लांबी ठरवणारी पहिली कात्री लागते ती पाठीवर. तोपर्यंत चष्मा डोळ्यांवर राहायला काहीच हरकत नसते. कानाजवळ आल्यावर तो काढून ग्राहकाच्याच हातात द्यावा, म्हणजे मध्ये कधीही लावून बघता येईल. टेबलावर कंगव्यांच्या बरणीशेजारी ठेवला, तर तो मागायलाही माणूस संकोचतो.